दाराजवळची जागा

कारखान्यात काय काय बिघडू शकतं, हे सांगणं हा माझा व्यवसाय आहे. टाकी फुटली तर, पाइप तुटला तर, आणि नेमका तेव्हा वारा गावाकडे वाहत असेल तर. अशी यादी करायची, त्यातलं काय किती वेळा घडू शकेल आणि कुठवर पोचेल याचा अंदाज बांधायचा आणि जाडजूड रिपोर्ट मालकाच्या हातात द्यायचा. आधी काही वर्षं सातपूरला नोकरी केली, मग स्वतःचं काम सुरू केलं. गॅसच्या मोठ्या टाक्या, सॉल्व्हंटचे साठे, क्लोरिनचे सिलिंडर अशा ठिकाणी माझं जाणं-येणं असतं. लोक चहा-बिस्किटं देतात आणि मी कधी निघते याची वाट बघतात. एका मॅनेजरनं हसत हसत सांगितलं होतं, की तुम्ही येऊन गेलात की आठवडाभर आमच्याकडे काहीतरी पडतं-फुटतं. पुढच्या खेपेला त्याच्या केबिनच्या दारावर नवं लिंबू आणि मिरच्या दिसल्या.

निफाडच्या पुढे द्राक्षबागांच्या मधोमध असलेलं ते शीतगृह माझ्या नेहमीच्या कामांच्या मानानं लहानच होतं. कायद्यानं ज्याला मोठ्या धोक्याचा कारखाना म्हणतात त्यात ते बसत नव्हतं, गारवा तयार करायला लागणारा अमोनिया वायू तिथे तेवढा नव्हता. पण परदेशातल्या खरेदीदारानं धोक्याची तपासणी करून मागितली होती, म्हणून मालकाचा फोन आला. मालक शेतकरी घरातलेच, चाळिशीतले, शिकलेले. वडिलांची बाग होती, यांनी शेजारी पॅकहाउस आणि शीतगृह उभं केलं. हंगामात दीडएकशे बायका तिथे द्राक्षं निवडायला, कात्रीनं खराब मणी छाटायला आणि डब्यांत भरायला येत. हॉल गार ठेवावा लागतो, त्यामुळे भर दुपारी सगळ्या जणी स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून बसलेल्या असत. हॉलच्या मागच्या भिंतीला एक दार, त्याच्या पलीकडे मशीनरूम. तिथे कॉम्प्रेसर आणि अमोनियाची टाकी.

पहिल्या दिवशी, सोमवारी, मालकांनी मला मशीनरूमच्या ऑपरेटरच्या ताब्यात दिलं. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ माणूस. सगळे त्यांना मामा म्हणत. निवडणाऱ्या बाया म्हणत, ड्रायव्हर म्हणत, मालकही म्हणत. शीतगृह सुरू झालं त्या दिवसापासून मामा तिथे होते. त्याआधी कुठल्या तरी दूध डेअरीत अमोनियाच्याच प्लांटवर होते.

मशीनरूममध्ये शिरल्या शिरल्या मला गॅस डिटेक्टर दिसला. भिंतीवर नीट बसवलेला होता, पण त्याचा दिवा लागलेला नव्हता. खालून आलेली वायर कापलेली होती आणि तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. चिकटपट्टीवर धूळ बसली होती, म्हणजे काम जुनं होतं.

मालकांना विचारलं तर त्यांनी काही लपवलं नाही. ते म्हणाले की तो जरा खुट्ट झालं तरी वाजायचा, बाया हातातलं टाकून बाहेर पळायच्या, माल उघडा पडायचा, दोनदा कंटेनरला उशीर झाला. मग म्हणाले, "आणि मॅडम, आमच्याकडे मामांचं नाक आहे. डिटेक्टरच्या आधी मामांना कळतं."

हे त्यांच्याकडे अगदी नित्याचं वाक्य होतं. सुपरवायझरनं सांगितलं, वजनकाट्यावरच्या माणसानं सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका सकाळी मामा सायकलवरून फाटकाशी आले, थांबले, हवेत नाक केलं आणि आत न जाता आधी वीज बंद करायला लावली. मागच्या बाजूला एक पाइप चिरला होता. आतल्या कुणाला पत्ताही नव्हता. ही गोष्ट मला त्या दिवसात तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात गावातल्या पैलवानाबद्दल असावा तसा अभिमान होता.

मामा मला प्रत्येक व्हॉल्व्हपाशी घेऊन गेले. हातात गंधकाची वात होती. गळतीच्या जागी ती पेटवून धरली की पांढरा धूर दिसतो, ही जुनी आणि खात्रीची पद्धत. किती वेळा करता, असं विचारलं. प्रत्येक पाळीत तीनदा, म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण एवढं कुणीच करत नाही. मी तसं म्हटल्यावर त्यांनी वात विझवली आणि "सवय हाय" एवढंच म्हणाले. हॉलच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. काच धुळीनं आंधळी झालेली, फक्त एका जागी, डोळ्याच्या उंचीवर, पुसून पुसून एक स्वच्छ गोल झाला होता. मी वहीत लिहिलं, की हे दार हवाबंद नाही. गोलाबद्दल काही लिहिलं नाही.

दाराला लागून पहिल्या टेबलावर एक बाई बसत. पस्तिशीच्या, बोलक्या, शेजारच्याच गावातल्या. मी दाराची फट टेपनं मोजत होते तेव्हा त्यांनी विचारलं, की तुमी नेमकं काय करता. मी सोप्या शब्दांत सांगितलं. त्या हातातला घड फिरवत म्हणाल्या, "म्हंजे वाईट वाईट इचार करायची नोकरी हाय तुमची." शेजारच्या हसल्या. मीही हसले.

दुपारी चहा आला. दूध करपलेलं होतं. पहिल्या घोटाला मालकांनी तोंड वाकडं केलं, कप खाली ठेवला आणि चहावाल्याला हाक मारली. मीही ठेवला. मामा मात्र शांतपणे चहा पीत होते. आमच्याकडे त्यांचं लक्ष गेलं, मग कपाकडे गेलं, आणि त्यांनीही कप ठेवला. पण तोवर तो संपत आला होता.

तेव्हा मला काही वाटलं नाही. निघायच्या आधी पुन्हा मशीनरूममध्ये गेले, तेव्हा कोपऱ्यातल्या पंपापाशी मला हलका वास आला. डोळ्यांना झोंबण्याइतका नव्हे, नुसता वास. मामा माझ्या शेजारी उभे राहून तेल कसं काढतात ते समजावत होते. मी विचारलं, "मामा, इथे वास येतोय ना?" त्यांनी पंपाकडे पाहिलं नाही. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "हां, जरासा हाय. असतोच तेवढा." लगेच वात पेटवली, पांढरा धूर शोधला आणि पान्यानं नट आवळला. काम चोख होतं. तरी घरी परतताना, ओझर मागे पडल्यावर, तो चहाचा कप एकदम डोळ्यांसमोर आला.

मंगळवार मी नाशिकला, इंदिरानगरच्या घरात बसून नकाशे काढण्यात घालवला. नवऱ्यानं संध्याकाळी विचारलं की सारखी हिंगाची डबी उघडून काय बघतेस. मी सांगितलं की नाक चालतंय का ते बघतेय. तो मान हलवून बाहेर गेला.

बुधवारी मी पुन्हा निफाडला गेले. तसं जायचं ठरलेलं नव्हतं. मामांना घेऊन मशीनरूममध्ये गेले आणि एक गोष्ट केली जिची मला अजून लाज वाटते. पंपापासून लांब, खिडकीपाशी, जिथे बाहेरची स्वच्छ हवा येत होती, तिथे मी थांबले, कपाळाला आठी घातली, नाक आक्रसलं आणि म्हटलं, "इथेपण वास येतोय, मामा." तिथे कसलाही वास नव्हता. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हां," म्हणाले, "येतोय जरासा."

मी वही मिटली. कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. त्यांना तेवढ्यावरूनच कळलं असावं. ते खिडकीच्या कट्ट्याला टेकले आणि त्यांनी वात खिशात ठेवली.

"त्या तापात गेलं, मॅडम. कोरोनात," ते म्हणाले. "सगळ्यांचं गेलं व्हतं, मग आलं. माझं नाय आलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घरी फक्त बायकोला माहीत होतं. भाजी लागली की तीच ओरडते. इथे कुणाला सांगितलं नाही, कारण लोक त्यांना व्हॉल्व्ह फिरवण्यासाठी मान देत नव्हते, तो मान नाकासाठी होता. नाक गेलं हे कळलं तर उद्या फाटकावर बसवतील, नाहीतर घरीच. म्हणून वात तीनदा. म्हणून दाबाच्या मीटरवरची सुई दर अर्ध्या तासानं बघायची. अमोनिया जास्त झाला की डोळ्याला, घशाला झोंबतो, तेवढं त्यांना कळे. "पण झोंबंपर्यंत लय उशीर झालेला असतो," ते स्वतःच म्हणाले. डिटेक्टर जोडून घ्या असं त्यांनी मालकांना दोनदा सुचवलं होतं. मालक हसले होते. तुमच्या नाकापुढे तो काय, म्हणाले होते. त्यापुढे बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

त्यांनी माझ्याकडे हंगाम संपेपर्यंतची मुदत मागितली. मी म्हटलं, एवढी देता येणार नाही. पुढच्या गुरुवारी मी रिपोर्ट घेऊन येईन, तोवर तुम्ही स्वतः मालकांना सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. ते बरं म्हणाले.

गाडीत बसल्याबरोबर मी मालकांना फोन केला. डिटेक्टर आजच्या आज जोडा, असं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले नाही की तुमच्या ऑपरेटरला वास येत नाही. म्हणाले, की केवळ वासावर अवलंबून राहणं योग्य नाही. हे आमच्या रिपोर्टातलं वाक्य आहे. असली वाक्यं लिहून लिहून माझ्या तोंडी बसली आहेत. खरी असतात, आणि ऐकणाऱ्याला त्यांनी काहीच होत नाही. मालक म्हणाले, दोन दिवसांत इलेक्ट्रिशियन येतोय. मग म्हणाले, "तोवर मामा आहेत ना."

मी ते आठ दिवस का दिले, हे पुढे मला फारसं कुणी विचारलं नाही, पण मी स्वतःला विचारलं. मामा माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे होते, हे एक. दुसरं कारण जास्त वाईट आहे. माझ्या कामात एखादी गोष्ट किती वर्षांतून एकदा घडेल असा विचार करायची सवय लागते. त्या मापानं आठ दिवस म्हणजे काहीच नसतं. मी मनात तो आकडा मांडला, तो बारीक निघाला आणि मला बरं वाटलं.

गुरुवार, शुक्रवार गेले. शनिवारी मी मालकांना पुन्हा फोन केला. इलेक्ट्रिशियन लग्नाला गेला होता, सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना चादर उडाली आणि मी वारा कुठून येतोय ते बघत राहिले. निफाडहून नाशिकपर्यंत काही येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बघत राहिले. सोमवारी फोन केला नाही. रोज रोज विचारलं तर मालकांना संशय येईल, असं मी स्वतःला सांगितलं. इलेक्ट्रिशियन आलाच नव्हता, हे नंतर कळलं.

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, जेवणाची सुट्टी संपून बाया टेबलांवर बसल्या होत्या तेव्हा, गार खोलीकडे जाणाऱ्या पाइपावरच्या एका व्हॉल्व्हचं गळती थोपवणारं पॅकिंग सुटलं. ती जागा मशीनरूममध्ये नव्हती. भिंतीच्या अलीकडे, हॉलच्या कोपऱ्यात छताखाली होती, जिथे मामांची वात पोचत नसे. मामा नेहमीप्रमाणे काचेतून हॉलमध्ये बघत होते. दाराजवळच्या बाईंनी कात्री खाली ठेवली, स्कार्फ नाकाला लावला आणि त्या खोकायला लागल्या. मामांनी त्याच क्षणी कॉम्प्रेसर बंद केला, टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, दार उघडून आत धावले आणि पुढच्या फाटकानं बाहेर जा म्हणून ओरडले. दीडशे बाया काही मिनिटांत बाहेर पडल्या. पाइपात राहिलेला गॅस मागच्या झरोक्यांतून बाहेर गेला आणि वाऱ्यानं बागेवर पसरला. ज्या पट्ट्यावरून गेला तिथली वेलींची पानं दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी तपकिरी पडली होती. चार-पाच ओळी, सरळ, आखून काढल्यासारख्या. दोन्ही बाजूंना सगळं हिरवंगार.

दाराजवळच्या बाईंना दवाखान्यात नेलं. रात्रभर ऑक्सिजन लावला आणि सकाळी सोडलं. बाकीच्यांचे डोळे चुरचुरले, तेवढंच.

मंगळवारी संध्याकाळी मालकांचा फोन आला. आवाजात भीती होती आणि त्याहून जास्त आनंद होता. "मॅडम, तुम्ही रिपोर्टात लिहाच आता," ते म्हणाले. "मामांच्या नाकानं दीडशे माणसं वाचवली." मी काय बोलले ते आठवत नाही. उद्या येते, एवढं म्हटलं असावं.

बुधवारी पोचले तेव्हा हॉलची सगळी दारं-खिडक्या उघडी होती आणि आत मोठे पंखे लावले होते. बाया बाहेर सावलीत रिकाम्या क्रेट उलट्या घालून बसल्या होत्या. दाराजवळच्या बाईही आल्या होत्या. त्यांची पिशवी आणि डबा आत राहिला होता, तो न्यायला. त्यांचे डोळे लाल होते, तोंडावर पदर होता आणि मधून मधून कोरडा खोकला येत होता. मालकांनी तालुक्याहून शाल आणि नारळ मागवला होता. मामांचा सत्कार करायचा होता. मला बघताच ते पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं झालं आलात. तुमच्याच हस्ते होऊ द्या."

त्यांनी शाल माझ्या हातात दिली. मामा समोर येऊन उभे राहिले, मान खाली घालून. मी हळूच म्हटलं, "सांगितलंत का?" त्यांनी नाही अशी मान हलवली. सगळे आमच्याकडे बघत होते. एका ड्रायव्हरनं मोबाइल वर धरला होता. मी ती शाल मामांच्या खांद्यावर घातली. खरं सांगायचं तर मी ती न घालता खाली ठेवू शकले असते. कुणी माझे हात धरले नव्हते. पण मी घातली, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्यावर दाराजवळच्या बाई बोलल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्या कौतुकानंच विचारत होत्या. "मामा, तुमाला कवा आला वास? मला तर दारामागनं तुमी दिसत व्हता. मी खोकले अन् मगच तुमी पळाला."

मालक म्हणाले, त्यांना आधीच आला असेल. मामांनी शाल खांद्यावरून काढली, तिची घडी केली, आणि घडी हातात धरून म्हणाले, "मला वास येत नाय."

मालकांना वाटलं ते नम्रपणानं बोलताहेत. ते हसले. मामांनी पुन्हा तेच सांगितलं, थोडं मोठ्यानं, आणि पुढचंही सांगितलं. ताप, त्यानंतरची वर्षं, वात, काच. आत पंख्यांचा आवाज येत होता. दाराजवळच्या बाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"म्हंजे माझ्या तोंडाकडं बघत व्हता व्हय तुमी?"

"व्हय," मामा म्हणाले.

"रोज?"

"रोज. तुला दारापाशी बसवायला सुपरवायझरला मीच सांगितलं व्हतं. तुज्या डोळ्यांला लवकर पाणी येतं ना, कांदा चिरताना. तू म्हणाली व्हतीस एकदा. म्हणून."

त्यांनी हे का सांगितलं असेल, याचा मी खूप विचार केला आहे. कुणी विचारलं नव्हतं, आणि न सांगता चाललं असतं. पण इतकी वर्षं लपवल्यावर एकदा सुरुवात केली तेव्हा त्यांना मधेच थांबता आलं नसावं.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी राग म्हणणार नाही. हंगामभर आपण बसायला मिळालेली जागा चांगली समजत होतो, दाराजवळ म्हणून जरा ऊबही येते असं शेजारणीला सांगत होतो, ती जागा आपल्याला कशासाठी दिली होती हे त्यांना आत्ता कळत होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुमाला ठावं व्हतं का हे?"

"हो," मी म्हटलं. "मागच्या बुधवारपासून."

त्यांनी मान हलवली, खोकल्या, पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागल्या. त्यांच्या गावच्या दोघी जणी त्यांच्याबरोबर निघाल्या. मालक हातात नारळ घेऊन तसेच उभे होते.

डिटेक्टर त्याच संध्याकाळी जोडला गेला. इलेक्ट्रिशियन नाशिकहून आला आणि अर्ध्या तासात काम करून गेला. ते अर्ध्या तासाचंच काम होतं. मालक माझ्याशी केबिनमध्ये बोलले तेव्हा त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, की बुधवारी तुम्ही मला एका वाक्यात सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी वायर जोडली असती. मी म्हटलं, मी जोडायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "तसं नाही. हे सांगायला हवं होतं." वायर स्वतः कापून ठेवलेल्या माणसाचं म्हणणं होतं ते, तरीही बरोबर होतं.

रिपोर्टात मी पहिल्यांदाच साध्या भाषेत लिहिलं. ऑपरेटरला वास येत नाही हे तपासणी करणाऱ्या व्यक्तीला अमुक दिवसापासून ठाऊक होतं, हेसुद्धा. खरेदीदाराच्या माणसानं फोन करून ते वाक्य काढायला सांगितलं, त्याच्या मते त्याची गरज नव्हती. मी काढलं नाही. पुढच्या हंगामात त्या शीतगृहाचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

दाराजवळच्या बाईंच्या घरी मी एकदा जाऊन आले, पावसाळ्यात. त्यांनी बसायला दिलं, चहा केला. खोकला राहिला होता. धूळ उडाली, चुलीचा धूर झाला की उबळ यायची. बोलणं सगळं मुलीच्या शाळेवर आणि टोमॅटोच्या रोपांवर झालं. त्या दिवसाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मी काढलं नाही. उठताना मी विचारलं, पुन्हा द्राक्षाच्या कामाला जाणार का. दुसरीकडे जाते, म्हणाल्या. "पण आधी बघते, कुठं बसवतात ते."

मामांना मालकांनी हंगाम संपेपर्यंत स्टोअरमध्ये ठेवलं, मग ते घरी बसले. वर्षभरानं मला ते निफाडच्या बसस्टँडबाहेर भेटले. मी दुसऱ्या एका कामावरून परतत होते, पाण्याची बाटली घ्यायला थांबले होते. त्यांनीच हाक मारली. वाळले होते, पण नीट दाढी केलेली, स्वच्छ कपडे. आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. मी तब्येत विचारली. ते म्हणाले, "आता येतो वास."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी मान हलवली.

"तसं नाय, मॅडम. भाकरीचा येत नाय, फुलाचा येत नाय. फक्त अमोनियाचा येतो. पहाटं येतो, दुपारी येतो. घरात, शेतात, देवळात. बायको म्हणती कुठं काय नाय. मुलगा म्हणतो काय नाय."

डॉक्टरांना दाखवलं होतं. नाकाच्या नसा बऱ्या होताना असे खोटे वास येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. मीही तेच म्हटलं, धीर देण्यासाठी. मामांना ते पटलेलं होतं. त्यांची अडचण वेगळीच होती. त्यांचं घर शीतगृहापासून दोन शेतं पलीकडे. वारा फिरला तर तिथून येणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या अंगणात येते. मग आलेला वास खोटा आहे की खरा, हे कसं ठरवायचं?

"पहिल्यांदा आला तवा मी नव्या ऑपरेटरला फोन केला," ते म्हणाले. "त्यानं जाऊन बघितलं, काय नव्हतं. दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदाबी बघितलं बिचाऱ्यानं. आता उचलत नाय. माझा नंबर दिसला की कट करतो."

बस लागली तेव्हा ते उठले. मी गाडीत बसले आणि मालकांना फोन लावला. वर्षभरात आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी उचलला, व्यवस्थित बोलले, घरचं विचारलं. मी डिटेक्टरबद्दल विचारलं. चालू आहे, म्हणाले, अगदी चोवीस तास. मग म्हणाले, "फक्त सेटिंग वाढवून घेतलंय थोडं. सारखा वाजायचा हो."

म्हणजे आता तो जास्त गॅस साचल्यावरच वाजणार होता. किती वाढवलंय, असं मी विचारलं. नव्या ऑपरेटरला विचारून सांगतो, म्हणाले. फोन ठेवल्यावर मी गाडी नाशिककडे न वळवता शीतगृहाच्या रस्त्याला लावली. हंगाम भरात होता. क्रेट भरलेले छोटे टेम्पो एकामागून एक त्याच दिशेनं चालले होते, आणि बागांवरून वारा शीतगृहाकडून माझ्याकडे येत होता. मी काच खाली केली आणि वास घेतला.